दादाच्या खिशातली चपटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. देवाला सांगितलंय — पण त्याचं पुढं बघू. देवाला सांगणं हे वाटतं तितकं धाडसाचं काम नसतं.

बापू बोलायला बसला म्हणजे आता हसायचं, असं तुम्हाला वाटत असेल. तुमची चूक नाही. आमच्या भावकीत — ख्रिस्ती माणसांनाही भावकी असते, आणि ती इतरांच्या इतकीच भांडते — माझं कामच ते आहे. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मातीहून परत आल्यावरचा चहा असो, कुणीतरी म्हणतंच, बापू, सांगा की काहीतरी. मग मी सांगतो. वय पन्नाशी ओलांडून गेलं, पोट शर्टाच्या बटणांशी रोज नवा वाद घालतं, कागलच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळता सांभाळता चष्म्याचा नंबर वाढला — पण गोष्ट सांगायला लागलो की बायका ताटं पुसायची थांबतात. मला ते आवडतं. फार आवडतं. आजची गोष्ट तिथूनच बिघडली का? की त्याच्याही आधी? ठरवता येत नाही. म्हणून सगळंच सांगतो.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि काचेच्या चिमुकल्या पेल्यातून घोटभर रस. रस काळ्या मनुकांचा. दारूचा थेंबही नको म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत. आणि हा रस करायचा मान आमच्या घराकडे. आई करायची. शुक्रवारी मनुका भिजत घालायची, शनिवारी पातेलं गॅसवर चढवायची, रस चांगला खळाळून उकळला की पांढऱ्या फडक्यातून गाळायची, आणि निवेपर्यंत वर झाकण ठेवू द्यायची नाही. तिचा एकच नियम होता — उकळल्याशिवाय प्रभूच्या मेजावर जायचं नाही. पातेल्याशेजारी आम्ही दोघं भाऊ उभे असायचो. दादा मोठा, मी धाकटा. चोथा खायला मिळायचा म्हणून. दादा त्याच्या वाट्यातला अर्धा मला द्यायचा. हे मी मुद्दाम सांगतोय असं समजू नका. पण सांगायला तर हवं.

आई गेली आणि ते पातेलं माझ्याकडे आलं. दादाकडे का नाही? कारण तोवर दादा प्यायला लागला होता.

माझा दादा — शमुवेल, सगळे शामू म्हणायचे — शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होता. मातीचे साचे करायचा, ज्यात वितळलेलं लोखंड ओततात. हात असे, की पाठीवर थाप मारली तर पुढच्या माणसाचा तोल जायचा. दिवसभर भट्टीपुढं उभं राहायचं, आणि सुटल्यावर घसा ओला करायचा. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग वाराचं काही राहिलं नाही. मार्थावहिनींनी किती सोसलं ते मी सांगणार नाही, ते माझं नाही. शेवटी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी त्याला मेजापासून दूर ठेवलं. आमच्यात तशी शिस्त आहे. माणूस चर्चमध्ये येतो, गाणी म्हणतो, पण ताटल्या फिरायला लागल्या की हात मांडीवर ठेवून बसतो. ताटली त्याला ओलांडून पुढं जाते. बघितलंय कधी तुम्ही, भरल्या पंगतीत एकाच माणसाला ओलांडून जाणारं ताट?

दादा तसा बसायचा. शेवटच्या बाकावर. आणि एक दिवस त्यानं सोडली.

कशी, ते कुणाला कळलं नाही. व्याख्यान नाही, औषध नाही. वहिनी म्हणायच्या, प्रार्थना. दादा काहीच म्हणायचा नाही. मला एकदा एवढंच म्हणाला होता, "बापू, मला थेंब चालत न्हाय बघ. लोकान्ला चालतोय, मला न्हाय. थेंब गेला की आतलं जनावर उठतंय." हे वाक्य मला माहीत होतं. पुढचं वाचताना विसरू नका — मला हे वाक्य माहीत होतं.

वर्षाच्या वर गेलं. दादा तसाच कोरडा. मग पंचांनी ठरवलं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी शमुवेलला परत मेजाला घ्यायचं. मी तेव्हा नुकताच पंच झालो होतो, पंचांमधला सगळ्यात तरणा. लोंढे मास्तर — आमचे जुने पंच, निवृत्त हेडमास्तर, नाक असं की वर्गात मागच्या बाकावर कुणी चिंच खाल्ली तर फळ्याजवळ कळायचं — तेवढे कुरकुरले. पाळकसाहेब म्हणाले, मास्तर, आपण दारावरचे राखणदार आहोत, घर आपलं नाही. मास्तरांनी मान डोलावली, पण डोळे बारीक करून.

आता बघा माझा शहाणपणा.

त्याच आठवड्यात नेसरीला बायकोच्या मामेबहिणीचं लग्न. शुक्रवारी निघायचं, शनिवारी संध्याकाळी परतायचं. म्हणजे रस कधी करणार? बायको म्हणाली, शेजारच्या काकूंना सांगूया. मी म्हणालो, हे काम आमच्या घराण्याचं आहे. घराणं! दोन खोल्या, एक पातेलं, आणि घराणं. बुधवारीच मनुका भिजवल्या कोमट पाण्यात, गुरुवारी मिक्सरला फिरवल्या, गाळल्या, स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून घट्ट झाकण लावून ओट्यावर ठेवल्या. उकळलं नाही. उकळलं की रसाची ताजी चव जाते, असं माझं नवीन संशोधन होतं. वर दोन-चार जणांना सांगूनही झालं होतं — यावेळी बघा, आईच्या हातापेक्षा वरचढ होणार.

बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला धरत होतं. आणि बंद घरात, ओट्यावर, तो डबा.

मी नेसरीत लोकांना हसवत होतो. वरातीत नवऱ्यामुलाच्या मामाची नक्कल केली, लोकांनी पोट धरलं. तिकडं डब्यात काय चाललंय याचा विचारही मनात नाही. तो आवाज अजून माझ्या कानात आहे — म्हणजे ऐकलेला नाही, पण आहे. झाकणाखालचं ते बारीक, हळू, काहीतरी जिवंत असल्यासारखं.

रविवारी सकाळी नवा शर्ट घालून डबा उघडायला गेलो. माझा हात नीट लागायच्या आधीच झाकण सैल झालं. फुस्स केलं त्यानं. रसावर करडा फेस होता, आणि फेसात बुडबुडे वर येत होते, एकामागून एक. वाकलो, वास घेतला.

डब्यातून दादाचा वास आला.

जुन्या दादाचा. मधल्या खोलीतून सरळ न चालता येणाऱ्या दादाचा. मला काही क्षण खरंच वाटलं, तो मागं येऊन उभा आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं.

काय करता आलं असतं? आता विचारतो तर दहा गोष्टी सुचतात. तेव्हाही सुचल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, अरे बापू, घरात कोकम सरबत असेल ना, तेच आण, प्रभू काय नाक मुरडतोय? ते तसेच होते. पण मग मास्तर विचारणार, रस कुठाय? नवा पंच, पहिलंच वर्ष, आणि आईच्या हातापेक्षा वरचढ... मी फेस चमच्यानं काढला. परत गाळला. साखर घातली, वेलदोडा घातला. चव घेतली. गोड लागली. मागून काहीतरी चढलं, पण आधी गोड लागली. मी स्वतःला म्हणालो, घोटभरानं कुणाला काय होतंय?

कुणाला काय होतंय — बघा, 'कुणाला' म्हणालो. नाव घेतलं नाही मनातसुद्धा.

दादा त्या दिवशी पांढऱ्या शर्टात आला होता. वहिनींनी नवी साडी नेसलेली, आणि दादाच्या खिशात त्यांनी स्वतः घडी घालून रुमाल ठेवलेला, मोठा, चौकटीचा. गुडघे टेकायचे आहेत, रडू येईल, असू दे म्हणाल्या. त्याला मंडळीपुढं उभं केलं. बोलायला सांगितलं तर एवढंच बोलला, "मी लई घाण केली. देवानं मला उचललं. वहिनी—" — बायकोला चारचौघांत काय म्हणावं ते त्याला सुचेना, म्हणून मी म्हणतो तेच म्हणून बसला — लोक हसले, तोही हसला. मग गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी भाकर दिली. पेल्यांची ताटली धरून मी उभा होतो.

हो. मीच धरली होती.

त्यानं पेला उचलला, ओठाला लावला. आणि थांबला. घसा हलेना. रस तोंडात होता, आणि त्यानं डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. प्रश्नही नव्हता म्हणाल तर — विहिरीच्या काठावर पाय सरकलेला माणूस वरच्याकडं बघतो, तसं काहीतरी. माझ्या हातातली ताटली वाजायला लागली, पेले एकमेकांवर किणकिणले. मला अजूनही कुणी काचेचे ग्लास धुतलेले आवडत नाहीत शेजारी. मी नजर खाली घातली.

त्यानं गिळलं.

बाकीच्या मंडळीनं काही ओळखलं नाही. दोघं-तिघं म्हणाले, रस यावेळी जरा आंबूस झाला काय? मी म्हणालो, मनुका तशी निघाली. आमच्या सरूमावशी तर खूश, "काय रं बापू, काय घातलास? गुडघं दुखायचं थांबलं की." मी हसलो. खरंच हसलो. कुणी निम्मा, कुणी पाऊण पेला तसाच ठेवला, रसाच्या जगमध्येही बराच उरला.

आता ही रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेजावरचा उरलेला रस आम्ही गटारात ओतत नाही. पंचांपैकी कुणीतरी पितो, नाहीतर आवारातल्या चिंचेच्या बुंध्याशी ओततात. त्या दिवशी चिंचेखाली प्रीतिभोजनाच्या पंगती बसत होत्या, रश्श्याची पातेली उघडली होती, आणि तिथंच पहिल्या पाटावर मास्तर. तिथं ओतला तर वास सुटणार. स्वतः प्यावा तर मला पुढं पंगतीत वाढायचं होतं, मास्तरांच्या पुढ्यातच.

बाजूच्या खोलीत दादा पेले धूत होता. हे काम त्यानं मागून घेतलं होतं. म्हणाला, लई दिस ताटली मला सोडून गेली, आज मी तिला सोडणार न्हाय. एकेक पेला धुवायचा आणि त्या चौकटीच्या रुमालानं पुसायचा. रुमालाला जांभळे डाग पडत होते. मी जग त्याच्यापुढं ठेवला. सगळे उरलेले पेलेही त्यातच ओतले होते.

"दादा, एवढं संपवून टाक. ओतायचं नसतं."

त्यानं जगकडं बघितलं. "समदं?"

"समदं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं जग दोन्ही हातांनी उचलला. शेवटपर्यंत प्यायला, मध्ये थांबला नाही. ओठ रुमालानं पुसले, रुमाल घडी न घालता खिशात कोंबला. खिसा फुगला. आणि मी रिकामा डबा घेऊन नळाकडं गेलो.

गटारात ओतायचं नाही म्हणून मी ते माझ्या भावात ओतलं. याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

पंगतीत तो मास्तरांच्या शेजारी बसला. कुणी बसवला देव जाणे. पहिला घासही गेला नसेल, मास्तर उठले. दादाला दंडाला धरून खोलीत आणलं, पाळकसाहेबांना बोलावलं. दारात वहिनी येऊन उभ्या. मी खोलीच्या बाहेरच, नळाखाली डबा घासत होतो. खिडकी उघडी होती. सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

"तोंड उघड, शमुवेल," मास्तर म्हणाले.

एवढा मोठा माणूस. शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडलं त्यानं.

"आजच्या दिवशी?" मास्तरांचा आवाज फुटला होता. ते दुष्ट नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आजच्या दिवशी तरी?"

पाळकसाहेब म्हणाले, "शामू, तू सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन."

दादानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मी बघितलं की तो बघतोय. आणि मी घासत राहिलो. डबा कधीच स्वच्छ झाला होता, तरी घासत राहिलो — आतून, बाहेरून, झाकणाची कड, कडेच्या आतली खाच. पाण्याचा आवाज मोठा केला. एक वाक्य होतं माझ्याकडं. रस आंबला होता. तीन शब्द. ते म्हणायला किती वेळ लागतो? आत्ता म्हणून बघा.

"माझं चुकलं साहेब," दादा म्हणाला. "जास्त काय इचारू नका."

वहिनींनी पदर तोंडाला लावला नाही. नुसत्या वळल्या आणि आवारातून चालत गेल्या, भरलेल्या पंगतींच्या मधून.

त्या आठवड्यात दादा कामावरून सरळ घरी आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. जनावर उठलं होतं. वहिनी रूथला — त्यांची एकुलती, तेव्हा शाळेत — घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेल्या. चर्चात पिऊन आलेल्या माणसावर परत कसा विश्वास ठेवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. कोण त्यांना चूक म्हणेल? मीच त्यांना एसटीत बसवून आलो. पिशव्या वर ठेवल्या, पाण्याची बाटली दिली. काळजी घ्या म्हणालो.

इथवर भित्रेपणा आहे. भित्रा माणूस म्हणून एखाद्यानं मला सोडूनही दिलं असतं. पण पुढचं ऐका.

लोक विचारायला लागले, शामूनं प्यायली कधी? सकाळी तर बायकोबरोबर आला. चर्चमध्ये सगळ्यांच्या नजरेसमोर. प्रश्न रास्त होता, आणि तो फिरत फिरत डब्यापाशी येईल अशी मला धास्ती. एका लग्नात कुणीतरी परत विचारलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले — गोष्ट ऐकताना बघतात तसे. माझ्या तोंडून निघून गेलं, "खिशात चपटी होती की. खिसा फुगलेला बघितला न्हाई काय?"

चपटी. खिशात मावते ती छोटी बाटली. लोकांनी हं केलं. मग मी जरा रंग भरला — गाणं चालू असताना वाकून कसा घोट घेतला, आमेन म्हणताना कशी उचकी आली. लोक हसले. दुःखाच्या गोष्टीत हसायला मिळालं की लोकांना बरं वाटतं. पुढच्या कार्यात परत फर्माईश झाली. चपटीला बूच आलं, रंग आला. काही वर्षांनी लोंढे मास्तर स्वतः मला म्हणाले, मी बघितली होती ती, बूच निळं होतं. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांत ती बाटली ठेवली होती, आणि ती तिथं दिसायला लागली होती.

दादा मात्र त्याआधीच गेला होता. सरकारी दवाखान्यात, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. वहिनी आल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यानं पाळकसाहेबांकडं एकच मागितलं — मेज. भाकर आणि रस. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले, पंचांना न विचारता. मला म्हणाले, बापू, थोडा रस करून आण.

मी आणला. छोट्या बाटलीत, फडक्यात गुंडाळून. खाटेशेजारी उभा राहिलो. दादाला मानेखाली हात घालून उठवलं. त्याचे ते हात चादरीवर पडले होते, पेला धरवत नव्हता, मीच ओठाला लावला. तो थांबला. पेल्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"उकळलास न्हवं, बापू?"

पाळकसाहेबांना वाटलं, दवाखान्यातलं पाणी, म्हणून विचारतोय. ते म्हणाले, हो हो, घरचा आहे, स्वच्छ आहे.

मी म्हणालो, "हो, दादा."

"मग दे," म्हणाला. आणि हसला. पातेल्याशेजारी चोथा वाटून देताना हसायचा तसा.

म्हणजे त्याला माहीत होतं. तोंडात घेतला तेव्हाच माहीत होतं, जग उचलला तेव्हा माहीत होतं, खिडकीतून बघितलं तेव्हाही. सगळं माहीत असून त्यानं त्या खोलीत माझं नाव घेतलं नव्हतं. आणि मरताना माझ्याच हातून प्यायला. आमचे पाळक दयेवर प्रवचन करतात तेव्हा मंडळी माना डोलावते. मी डोलावत नाही. मी ती एकदा तोंडावर बघितलेय, आणि खरं सांगू — मला तिची भीती वाटते. रागावला असता तर मी रडून मोकळा झालो असतो. तो हसला, आणि मी अजून तिथंच उभा आहे, हातात पेला धरून.

देवाला सांगितलं म्हणालो ना. त्याच आठवड्यात सांगितलं, गुडघे टेकून, डोळे मिटून. हलकंसुद्धा वाटलं. मग लक्षात आलं, मी देवाकडं का गेलो. तो कुणाला सांगत नाही म्हणून. तो वहिनींसारखा वळून चालायला लागत नाही म्हणून. त्याच्या दयेचा मी आडोसा केला, पावसात दुसऱ्याच्या पडवीला उभं राहतात तसा. दर रविवारी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणतो, आम्ही पापी आहोत. 'आम्ही' म्हणताना आवाज कसा खणखणीत निघतो. आणि मी अजून पंच आहे. रस अजून मीच करतो. आता उकळतो — इतका उकळतो, की बायको म्हणते, रस करताय की काकवी?

परवा रूथच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना होती. वहिनी आता तिच्याकडंच असतात, गुडघ्यांनी जाग्याला बसवलंय. जेवणं झाल्यावर रूथची मुलगी माझ्या मांडीला टेकून म्हणाली, "आबा, शामूआजोबांची चपटीची गोष्ट सांगा ना." वहिनींच्या समोर मी ती कधी सांगत नाही, एवढी लाज राखलीय. मी म्हणालो, नको गं, दुसरी सांगतो.

खुर्चीवरून वहिनीच बोलल्या. "सांगा की भावजी. मला काय नवीन हाय? मी बघितली हुती ती बाटली, ह्या डोळ्यांनी." मग नातीकडं वळून, "त्याच खिशात मी रुमाल घालून दिलता, इस्तरीचा. त्यो काढून टाकला कुटंतरी, आन् बाटली ठेवली तितं. प्यायला त्याचं मला काय न्हाय गं. माझा रुमाल का काढला?"

नात हसायची थांबली. मी पाणी मागितलं.

आज शनिवार. उद्या पहिला रविवार. मनुका गॅसवर आहेत, झाकण न ठेवता. तरी पातेलं हललं की मी दचकून उठतो, बघून येतो. हे लिहून झालं की शर्ट बदलून रूथकडं जाणार आहे, दुपारचंच, वहिनी जाग्या असतात तेव्हा. वाचून दाखवणार आहे, कारण तोंडी सांगायला लागलो तर मी रंग भरेन, मला मी माहीत आहे. उद्याचा रस शेजारच्या काकू नेऊन देतील. ताटली माझ्यापर्यंत आली, तर ओलांडून जाऊ दे.

वहिनी, बाटली नव्हती. खिशात रुमाल होता. तुमचाच. दादानं त्याच रुमालानं मेजावरचे पेले पुसले होते.